कॉर्डेलिया की गेंटिंग ड्रीम: घरापासून घरापर्यंतचा ताळा

मुंबईतल्या कुटुंबाने क्रूझचा विषय काढला की एजंट बहुधा दोन कागद पुढे सरकवतो. एक कॉर्डेलियाचा, मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप. दुसरा रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसच्या गेंटिंग ड्रीमचा, सिंगापूरहून मलेशिया किंवा थायलंड. दोन्ही कागदांवर माणशी एकेक आकडा असतो आणि बऱ्याचदा त्या दोन आकड्यांत फार फरक दिसत नाही. मग घरात वाद पेटतो: एवढ्याच पैशात सिंगापूर होत असेल तर गोव्याला कशाला जायचं? या वादाचं उत्तर त्या दोन आकड्यांत सापडत नाही, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींचे भाव आहेत. एकात तुम्ही बॅलार्ड पियरला टॅक्सीतून उतरून थेट जहाजात चढता. दुसऱ्यात जहाज दिसायच्या आधी व्हिसा, साडेपाच तासांचं विमान आणि बहुधा एक हॉटेल असतं.

आम्ही ही तुलना सहा जणांसाठी केली: सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, नोकरी करणारे नवरा-बायको, दहावी झालेला मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. आजींचे गुडघे दुखरे, घरात कांदा-लसूण न खाणारं एक माणूस, रजा मोजकी. सिंगापूरहून हंगामात रॉयल कॅरिबियनचीही मोठी जहाजं सुटतात. त्यांनाही हीच पद्धत लावता येईल, पण तिसरा कागद टेबलावर आला की निर्णय महिनाभर लांबतो, म्हणून तो बाजूला ठेवला.

आधी जहाज, मग कंपनी

जाहिरात कंपनीच्या नावाने होते, राहायचं मात्र जहाजात असतं. म्हणून पहिलं काम म्हणजे जहाजाची कुंडली काढणं. कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समधल्या सें-नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं. तेव्हा ते रॉयल कॅरिबियनचं ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं, पुढे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झालं, करोनाच्या काळात विकलं गेलं आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून फिरू लागलं. लांबी सुमारे २११ मीटर, ग्रॉस टनेज ४८,५६३, केबिन सुमारे ८००. गेंटिंग ड्रीम २०१६ मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट गोदीतून बाहेर पडलं. लांबी ३३५ मीटर, ग्रॉस टनेज १,५०,६९५, केबिन १,६७४.

ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाचं वजन, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेवरून काढलेला आकडा आहे. म्हणूनच तो कामाचा. त्याला प्रवासीसंख्येने, म्हणजे दर केबिनला दोन माणसं धरून, भागलं की माणशी किती जागा वाट्याला येते याचा अंदाज लागतो. एम्प्रेसचा आकडा ३० च्या आसपास येतो, गेंटिंग ड्रीमचा ४५ च्या. हा फरक कागदावर कोरडा वाटतो, पण बुफेतली रांग, लिफ्टपुढची गर्दी, पूलभोवतीच्या खुर्च्या आणि केबिनमधल्या पलंग-भिंतीतली फट या सगळ्यांत तो पायाखाली जाणवतो. शिवाय दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात केबिनमधले तिसरे-चौथे बर्थही भरतात, तेव्हा दोन्ही आकडे आणखी खाली येतात. दाटी नको असेल तर जहाज बदलण्याआधी तारीख बदलून पाहावी. शाळा चालू असतानाचा आठवडा आणि त्यातही शनिवार-रविवार वगळून मिळालेली फेरी, हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे.

जुनं जहाज म्हणजे वाईट, असं मात्र नाही. जहाज लहान असल्याने केबिनपासून रेस्टॉरंटपर्यंतची चाल थोडी असते, आणि गुडघे दुखणाऱ्याला हे वॉटरस्लाइडपेक्षा मोलाचं. ३३५ मीटरच्या जहाजात एका टोकाची केबिन मिळाली तर नाश्त्याला जाऊन येणं हाच फेरफटका होतो. जुन्या जहाजात खरी अडचण बाल्कनीची. १९९० च्या सुमाराला बाल्कनीची फॅशन नव्हती, त्यामुळे एम्प्रेसवर बाल्कनीच्या केबिन मोजक्याच आहेत आणि त्या महाग जातात. गेंटिंग ड्रीमवर सुमारे ७० टक्के केबिनना बाल्कनी आहे. समुद्राकडे बघत चहा पिणं हेच ज्यांच्या मनात क्रूझचं चित्र आहे, त्यांचा निकाल इथेच लागतो.

कोटेशनवर जहाजाचं नाव लिहून घ्या. कॉर्डेलियाने नॉर्वेजियन क्रूझ लाइनची स्काय आणि सन ही दोन जहाजं भाड्याने घेण्याचे करार केले आहेत. ती दोन्ही एम्प्रेसपेक्षा मोठी आणि वयाने लहान आहेत, त्यामुळे ‘कॉर्डेलिया’ एवढ्याच शब्दावर केलेली तुलना चुकू शकते.

पैशाचा ताळा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा. जाहिरातीतला आकडा जवळपास नेहमी माणशी असतो, खिडकी नसलेल्या केबिनचा असतो आणि केबिनमध्ये दोघं राहणार असं गृहीत धरून असतो. त्यात काय नाही, ते खाली बारीक अक्षरात. आम्ही एक्सेलमध्ये दोन रकाने केले आणि डाव्या बाजूला ओळी लिहिल्या: मूळ भाडं, पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी म्हणजे सक्तीची टिप, जीएसटी, बंदरावरची सहल, पेयं, इंटरनेट, विमान, व्हिसा, हॉटेल, टॅक्सी, विमा, टीसीएस म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर. एजंटने ‘इन्क्लुडेड’ म्हटलं की त्या ओळीत शून्य लिहायचं, ‘बघू’ म्हटलं की लाल रंग. दोन्ही रकान्यांत एकही लाल चौकोन उरला नाही की मगच बेरीज.

पोर्ट चार्जेस आणि टिप या दोन ओळींनी माणसं सर्वांत जास्त फसतात. दोन्ही माणशी लागतात, टिप तर माणशी दर रात्री. मुलांचं भाडं माफ अशी योजना असते तेव्हाही पोर्ट चार्जेस आणि टिप सहसा माफ होत नाहीत. समजा जाहिरातीत माणशी १५,००० आहे आणि बाकी सगळं मिळून माणशी ६,००० होतं. मग ‘दोन मुलं फ्री’ असलेल्या चौघांच्या केबिनचा आकडा ३०,००० नसून ५४,००० निघतो. योजना खोटी नसते, तिला तेवढंच म्हणायचं असतं.

गेंटिंग ड्रीमचे मूळ दर सिंगापूर डॉलरमध्ये असतात. एजंट रुपयात कोटेशन देतो तेव्हा त्याने कोणता विनिमय दर धरला ते विचारावं. धंद्यात त्याला आरओई, म्हणजे रेट ऑफ एक्स्चेंज, म्हणतात. बँकेचा त्या दिवसाचा दर आणि एजंटचा आरओई यांतला फरक म्हणजे त्याचं न दिसणारं कमिशन. तो असणारच, पण किती आहे ते कळलं की दोन एजंटांची तुलना करता येते. आरओई आज गोठतो की अंतिम रक्कम भरण्याच्या दिवशीचा लागतो, हेही लिहून घ्यावं.

परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस घेतला जातो. हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. पॅन बरोबर दिला असेल तर तो आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा दर पाहावा. ताळ्यात आम्ही ही ओळ बेरजेच्या खाली, वेगळी ठेवली: खिशातून जाते, पण परत येते. देशांतर्गत क्रूझला ती लागत नाही.

मग बेरजेला जहाजावरच्या तासांनी भागायचं. ‘दोन रात्री’ हे ऐकायला दोन दिवस वाटतात. जहाज संध्याकाळी पाचला सुटून तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला परत लागलं तर हाती ४० तास येतात, त्यातली झोप वजा केली की एक धड दिवस आणि दोन संध्याकाळी उरतात. तीन रात्रींना तेच ६४ तास होतात, म्हणजे रात्र एकच वाढली तरी जागेपणीचा वेळ जवळजवळ पावणेदोन पट. विमान, व्हिसा, टॅक्सी हे खर्च रात्री वाढल्या म्हणून वाढत नाहीत. म्हणून सिंगापूरहून दोन रात्रींची फेरी घेणं हिशेबात बसत नाही. विमानाचे पैसे खर्चून ४० तासांसाठी जायचं तर त्याला सिंगापूरची तीन दिवसांची सहल जोडलेली असावी. मुंबईहून मात्र दोन रात्री चालतात, शुक्रवारी अर्धा दिवस टाकला की झालं.

कागदपत्रं

गोवा किंवा लक्षद्वीपच्या फेरीला पासपोर्ट लागत नाही, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र पुरतं. मुलांचंही आधार घ्यावं. नाव बुकिंगमध्ये आणि ओळखपत्रावर अक्षरशः एकच असावं. लग्नाआधीचं नाव आधारवर आणि नंतरचं तिकिटावर, हा घोळ आपल्याकडे नेहमीचा. लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो. तो क्रूझ कंपनीमार्फत होतो, पण त्यासाठीची कागदपत्रं आधी द्यावी लागतात, त्यामुळे आयत्या वेळी माणूस बदलता येत नाही.

सिंगापूरच्या बाजूला कामं जास्त आहेत. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फतच होतो आणि सिंगापूर सरकारचं शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे. एजंटची फी त्यावर. इथे एक बारीक खाच आहे: जहाजातून मलेशियाला जाऊन परत आलात की तो सिंगापूरमधला दुसरा प्रवेश धरला जातो. व्हिसा बहुधा मल्टिपल एंट्रीच मिळतो, तरी हातात आल्यावर तो शब्द बोट ठेवून वाचावा. विमानाने उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत एसजी अरायव्हल कार्ड भरायचं आणि जहाजातून परत येतानाही पुन्हा भरायचं. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी दलालांची असतात. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आणि ती २०२६ अखेरपर्यंत वाढवली. थायलंडचे नियम वरचेवर हलतात, ते बुकिंगच्या वेळी पाहावेत.

फराळाचा डबा नेणाऱ्यांसाठी एक सूचना. सिंगापूरमध्ये खसखशीवर अमली पदार्थविषयक कायद्याचे निर्बंध आहेत. अनारसे घरीच ठेवा. खायची तंबाखू, गुटखा, च्युइंगगम आणि ई-सिगारेट यांवरही बंदी आहे. आजोबांच्या चंचीचा प्रश्न विमानतळावर नव्हे, घरी सोडवायचा.

समुद्र कसा असेल

बोट लागण्याची भीती ज्यांना आहे त्यांनी जहाजापेक्षा आधी महिना आणि मग मार्ग पाहावा. मुंबई-गोवा पट्ट्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र शांत असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात वारा वाढू लागतो आणि पावसाळ्यात मुंबईहून फेऱ्या थांबतात. सिंगापूरहून पेनांग-फुकेतकडे जाणारी वाट मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलाया, त्यामुळे मोठ्या लाटा तिथवर पोचत नाहीत आणि जहाजं वर्षभर चालतात. जून-जुलैतच रजा मिळणार असेल तर मुंबईचा पर्याय आपोआप गळतो. उलट, हिवाळ्यात दोन्हींत फारसा फरक नाही.

जहाज जितकं मोठं तितकं डुलणं कमी, हे खरं असलं तरी केबिनची जागाही तेवढीच महत्त्वाची. लाटेने जहाज पुढे-मागे झुलतं तेव्हा टोकं जास्त हलतात, मधला भाग कमी. डावी-उजवीकडे कलतं तेव्हा वरचे डेक जास्त हलतात. म्हणून बोट लागणाऱ्याने खालच्या डेकवरची मधोमध केबिन घ्यावी. नेमकी तीच स्वस्तही असते, हा दुर्मीळ योग. ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडाच. आजोबांनी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीत रात्र काढलेली असेल तर त्यांच्याशी या विषयावर वाद घालू नये.

ताटात काय

दोन्ही कंपन्या शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असल्याचं सांगतात, आणि ते खरं आहे. फरक आहे तो प्रमाणात. कॉर्डेलियाचा प्रवासी जवळजवळ सगळा भारतीय, त्यामुळे तिथे शाकाहारी जेवण हेच मुख्य जेवण आहे. फूड कोर्टचा बुफे आणि स्टारलाइट हे बसून जेवायचं रेस्टॉरंट भाड्यातच येतात. चॉपस्टिक्ससारख्या ठिकाणी वेगळे पैसे. गेंटिंग ड्रीमवर लिडो हा बुफे आणि ड्रीम डायनिंग रूम भाड्यात येतात. तिथला स्वयंपाक सिंगापूर, मलेशिया, चीन, इंडोनेशिया, भारत अशा सगळ्या जिभांसाठी असतो. भारतीय विभाग असतो, पण तो एक विभाग असतो. तीन दिवस भात-वरण-भाजीवर निभावेल, मात्र आजींना शेजारच्या टेबलावरचा सीफूडचा वास सहन होईल का, हे त्यांनाच विचारावं. त्यांच्या वतीने ‘चालेल हो तिला’ असं कुणी म्हणू नये. मुलाला मात्र हाच विभाग आवडेल.

जैन किंवा कांदा-लसणाविना जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच नोंदवायचं आणि जहाजात चढल्यावर त्याच दुपारी रेस्टॉरंटच्या प्रमुखाला पुन्हा सांगायचं. नोंद असते, ती स्वयंपाकघरात पोचलेली असतेच असं नाही. पहिल्या रात्री घाई असते, म्हणून दुपारीच गाठावं. स्टारलाइट आणि ड्रीम डायनिंग रूम दोन्हींकडे जेवणाच्या पाळ्या असू शकतात. सहा वर्षांची मुलगी आणि आठला जेवणारे आजोबा असतील तर पहिली पाळी मागून घ्यावी, ती आधी भरते.

पेयांचं पॅकेज घेण्याआधी एक भागाकार करावा: पॅकेजची रोजची किंमत भागिले एका पेयाची किंमत. उत्तर सहा आलं आणि घरात दोन बिअर पिणारा माणूस असेल तर सोडून द्यावं. बुफेतलं पाणी-चहा आणि बारमधलं पाणी-चहा यांत फरक आहे, हे मुलांना आधी समजवावं. मुलांच्या हातात केबिनचं कार्ड असतं आणि जहाजावर तेच पैसे. रिसेप्शनवर जाऊन मुलांच्या कार्डावर खर्च बंद करता येतो का ते पहिल्याच तासात विचारावं.

दिवसभर करायचं काय, हा मुद्दा लवकर संपतो. गेंटिंग ड्रीमवर सहा वॉटरस्लाइड, दोरांचा कोर्स, झिपलाइन आणि झोडिॲक हे मोठं थिएटर आहे. दहावी झालेल्या मुलासाठी तुलना तिथेच थांबते. कॉर्डेलियावर पूल, क्लाइंबिंग वॉल, शो, कॅसिनो आणि भरपूर गाणी आहेत. वातावरण लग्नघरासारखं: रात्री उशिरापर्यंत ढोल, अनोळखी माणसं एकत्र नाचतायत, सकाळी नाश्त्याला ओळख देतायत. ज्यांना हे आवडतं त्यांना सिंगापूरचं जहाज थंड वाटतं. ज्यांना आवडत नाही त्यांनी डेकचा नकाशा काढून आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहावं. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर शांतता. वर पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री.

बंदरं

कॉर्डेलियाचं गोवा म्हणजे मुरगाव बंदर. पणजी तिथून रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर, कळंगुट-बागा आणखी पुढे. जहाज सकाळी लागून संध्याकाळी सुटत असेल तर उत्तर गोव्याच्या किनाऱ्याचा हट्ट धरू नये, टॅक्सीतच दिवस जातो. एकतर्फी फेरी मिळत असेल तर ती घेऊन गोव्यात दोन दिवस राहावं आणि कोकण रेल्वेने परतावं. कोकण रेल्वेचं मडगाव स्थानक बंदरापासून तासाभराच्या आत आहे. हा पर्याय एजंट क्वचितच सुचवतो.

लक्षद्वीपचं पाणी पाहिलं की सगळे हिशेब विसरतात, म्हणून आधीच वाचून ठेवावं. बेटांभोवती प्रवाळाचे खडक आहेत आणि एवढ्या मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसांना लहान बोटीतून नेतात. जहाजाच्या बाजूच्या खालच्या दारातून वर-खाली होणाऱ्या बोटीत पाय टाकायचा असतो. दोन्ही बाजूंना माणसं हात धरतात, तरी गुडघा दुखरा असलेल्याला आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला ते जमत नाही. लाट थोडी वाढली तरी उतरणं रद्द होतं, आणि करारात बंदर वगळण्याचा हक्क कंपनीकडे असल्याने भाडं परत मिळत नाही. सहलीचे वेगळे भरलेले पैसे सहसा मिळतात. बेटांवर, बंगाराम सोडता, दारूबंदी आहे.

सिंगापूरच्या बाजूला पोर्ट क्लांगचं नाव कोटेशनवर ‘क्वालालंपूर’ असं छापलेलं असतं. शहर बंदरापासून गाडीने एक तासाहून लांब, वाहतुकीत त्याहून जास्त. पेनांग त्या मानाने सोन्यासारखं. जहाज स्वेटनहॅम पियरला, म्हणजे जॉर्जटाउनच्या पायथ्याशीच लागतं. २००८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं जुनं शहर धक्क्यावरून पायी फिरता येतं आणि लिटल इंडियात इडली-डोसाही मिळतो. दोन फेऱ्यांचा भाव सारखा असेल तर पेनांगची घ्यावी.

काय ठरलं

ताळा पुरा झाल्यावर आम्ही बेरीज बाजूला ठेवली आणि प्रत्येक ओळ सर्वांत जास्त अडचण होणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचली. आजींसाठी साडेपाच तासांचं विमान, सिंगापूरच्या टर्मिनलमधली चाल आणि मोठ्या जहाजातली लांबी या तिन्ही ओळी जड. लक्षद्वीप लहान बोटीमुळे बाद. उरली हिवाळ्यातली कॉर्डेलियाची गोव्याची फेरी, तीन रात्रींची. मुलगा हिरमुसला, आणि त्याचं बरोबर होतं. चौघंच जाणार असते तर आम्ही गेंटिंग ड्रीमच घेतलं असतं, पेनांगची तीन रात्रींची फेरी, बाल्कनीसह, आणि मागे-पुढे सिंगापूर. नवविवाहितांनाही तेच सांगू. मित्रमंडळींच्या घोळक्याला मात्र मुंबईचं जहाज जास्त मानवेल, कारण त्यांना बंदरांशी फारसं देणंघेणं नसतं.

बॅलार्ड पियरचं मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, त्यामुळे चेक-इनची जुनी दाटी कमी झाली आहे. सीएसएमटीहून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं पुरतात. वेब चेक-इनमध्ये दिलेली वेळ पाळावी. लवकर गेल्याने लवकर चढता येत नाही. मोठ्या बॅगा टॅग लावून दारातच घेतात आणि त्या केबिनपाशी यायला काही तास लागतात, म्हणून औषधं, चष्मा, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि ओळखपत्रं हातातल्या पिशवीत. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, सुरी आणि दारू स्कॅनरवर काढून घेतात. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपसूक जोडला जातो आणि तो रोमिंगचा दर नेहमीच्या प्लानमध्ये बसत नाही. एअरप्लेन मोड चालू करून मगच वायफाय लावावं.

पैसे भरण्याआधी रद्द करण्याचा तक्ता मागून घ्यावा: किती दिवस आधी रद्द केलं तर किती टक्के कपात. क्रेडिट कार्डाने भरावं, त्यात तक्रार करायला जागा राहते. ही खबरदारी फुकाची नाही. जलेश क्रूझेस २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झाली आणि २०२० मध्ये बंद पडली. गेंटिंग ड्रीमची आधीची मालक कंपनी २०२२ च्या सुरुवातीला कोसळली आणि त्याच वर्षी जूनपासून जहाज रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या कंपनीखाली सिंगापूरहून पुन्हा धावू लागलं. जहाजं टिकतात, कंपन्यांचं सांगता येत नाही. सिंगापूरचं ठरवलंच तर विमान परतावा मिळणाऱ्या भाड्याचं घ्यावं किंवा विम्यात फेरी रद्द होण्याचं कलम पाहावं.

शेवटची गोष्ट केबिन क्रमांकाची. स्वस्त कोटेशनमध्ये ‘गॅरंटी’ हा शब्द असेल तर प्रकार ठरलेला असतो, क्रमांक नसतो. तो कंपनी नंतर देते. दोघांना ते चालतं. सहा जणांच्या दोन केबिन गॅरंटीत घेतल्या तर एक चौथ्या डेकवर आणि दुसरी आठव्यावर येऊ शकते. आम्ही थोडे जास्त देऊन समोरासमोरच्या, मधोमध, लिफ्टजवळच्या दोन केबिन क्रमांकासकट घेतल्या. एका केबिनमध्ये आजी-आजोबा आणि नात, खालचे दोन पलंग मोठ्यांना, वरचा घडीचा बर्थ तिला. खिडकी असलेली केबिन घेताना नकाशावर तिच्यासमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, तेवढं पाहिलं आणि मग कार्ड दिलं.